गाडी कोण चालवत होतं?

फोनमधली सनई पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, तेव्हा आत्यांनी मेथीची काडी हातातच धरून विचारलं, "ह्ये कुनाचं लगीनघर हाय गं? कवाची वाजंत्री वाजतीया."

"विमा कंपनी आहे, आत्या. माणूस मोकळं होईपर्यंत गाणं लावून ठेवतात."

"मान्सं काय जेवाय बसल्यात का सगळी?"

एरवी मी हसले असते. त्या सकाळी हसू येईना. फोन स्पीकरवर ठेवून मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. समोर माझ्या सासूबाई, गजराबाई फडतरे, खटाव तालुक्यातून सहा महिन्यांच्या व्हिसावर डर्बीला आलेल्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून आत्या. पंजाब्याच्या दुकानातली मेथी निवडता निवडता त्या हिरव्या पानांचा ढीग अशा मायेनं चोपत होत्या, जणू ते त्यांच्या परड्यातलंच. आणि खिडकीपाशी बूट घालून तयार, माझा नवरा दिगंबर. त्याची गोदामातली शिफ्ट अकराला सुरू व्हायची.

"हे बघ वसू," तो दबक्या आवाजात म्हणाला, "विचारलं की सरळ सांगायचं. नवऱ्याला तीन पॉइंट पडणार आहेत. बस. जास्त बोलायचं नाही."

"आणि आवाज कापला तर?"

"तुझा आवाज तसाही फोनवर कापतोच. त्यांना काय कळणार?"

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. इंग्लंडात वेग मोडला की दंडाबरोबर लायसन्सवर पॉइंट बसतात. जुन्या माणसाचं बारा पडेपर्यंत निभतं. पण ज्याला टेस्ट पास होऊन दोन वर्षं झाली नाहीत, त्याला सहा पडले की लायसन्स रद्द. पुन्हा शिकाऊची लाल पाटी लावायची, पुन्हा परीक्षा. मला पास होऊन सव्वा वर्ष झालं होतं. तीन पॉइंट आधीच होते. पहिल्या हिवाळ्यात ब्रेक लावायची भीती वाटून लाल दिव्याखालून निघून गेले होते, त्याचे. म्हणजे आता आणखी तीन आले की संपलं.

आणि संपलं म्हणजे नुसती गाडी संपली नव्हती. मी नर्स. हॉस्पिटलातली नव्हे, घरोघरी जाणारी. डर्बीच्या वरच्या अंगाला टेकड्यांमध्ये छोटी छोटी गावं आहेत, दगडी घरांची. तिथली म्हातारी माणसं, ज्यांना जिना उतरवत नाही, त्यांच्या पायांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या. त्या गावांना दिवसातून तीन बस. गाडी नाही तर ती नोकरी नाही. त्या नोकरीसाठी मी टेस्टला तीनदा बसले होते. दोनदा नापास होऊन रडत घरी आले होते. हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावरच्या वॉर्डातून सुटून पहिल्यांदा एकटी त्या टेकडीवर गाडी घेऊन गेले, तेव्हा काच खाली करून मी मोठ्यानं स्वतःचं नाव घेतलं होतं. कुणी ऐकलं असेल तर मेंढरांनी.

पत्र पंधरा दिवसांपूर्वी आलं होतं. तुमच्या नावावरची निळी गाडी, रविवारी दुपारी तीन बेचाळीसला, तासाला तीस मैलांची मर्यादा असलेल्या गावातून चव्वेचाळीसनं गेली. त्या वेळी गाडी कोण चालवत होतं, ते सोबतच्या फॉर्मवर कळवा. फॉर्मवर एक मोठी चौकट. चौकटीत नाव, खाली सही.

आदल्या संध्याकाळी याच टेबलावर त्या चौकटीवरून आमचं वाजलं होतं.

"मी घेतो माझ्यावर," दिगंबर म्हणाला होता. "बारा वर्षं चालवतोय, एक पॉइंट नाही. कोरं करकरीत लायसन्स आहे. तीन पडले तर काय आभाळ कोसळतंय?"

"खोटं लिहायचं?"

"रस्त्यावरच्या कॅमेऱ्यानं मागून फोटो काढलाय, गाडीची पाठ दिसतेय. आत कोण बसलंय ते एका देवाला ठाऊक."

"देवाला आणि आत्यांना."

आम्ही दोघांनी एकदमच आत्यांकडे बघितलं होतं. त्या ताटलीत तांदूळ निवडत होत्या. तात्या, म्हणजे माझे सासरे, मार्गशीर्षात गेले. तेव्हापासून आत्या घरात असून नसल्यासारख्या. विचारलं तर बोलायच्या, वाढलं तर जेवायच्या. गावाकडे पहाटे जात्यावर बसल्या की चार घरांच्या बायका कान देऊन ऐकायच्या, असा त्यांचा गळा. तो गळा तात्यांबरोबर गेला असं नणंद फोनवर म्हणाली होती. म्हणून दिगंबरनं त्यांना इकडे आणलं. जरा माणसांत येईल म्हणून. इथं माणसं कुठली? आम्ही दोघं, तीही पाळीपाळीनं घरी.

"पण वसू, मला एक कळत नाही," दिगंबर म्हणाला होता. "तू तीसच्या पाटीला अठ्ठावीसनं जाणारी बाई. मागचे हॉर्न मारून दमतात. त्या दिवशी कसल्या नादात होतीस?"

"लक्ष नव्हतं."

"तुझं?"

"माझं. नसतं कधी कधी."

तेव्हा आत्यांनी तांदळातून मान वर केली होती. "दिगू, त्या चौकटीत ज्याचं नाव, त्याच्यावर पडतंय व्हय रं ते?"

"हो, आये."

"दाखीव बरं चौकट."

त्यानं बोट ठेवून दाखवली. आत्यांनी बघितली आणि पुन्हा तांदळात मान घातली. मग दिगंबरनं फॉर्म आणि तिकीट लावलेला लिफाफा फ्रिजवर ठेवला. सकाळी लिहू म्हणाला. सकाळी विम्याचाही फोन करायचा होता. पॉलिसीचं वर्ष दुसऱ्या दिवशी संपत होतं आणि नूतनीकरणाच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: कोणत्याही चालकावर पॉइंट असतील, किंवा पडण्याची शक्यता असेल, तर कळवणं तुमची जबाबदारी.

सनई थांबली. मी फोन जवळ ओढला. पण ती नुसती दम घ्यायला थांबली होती, पुन्हा सुरू झाली.

"त्या फॉर्मवरचा नंबर विचारतील," मी म्हटलं. "द्या ना जरा खाली." आत्यांसमोर मी त्याला अहो-जाहो करायची.

दिगंबरनं फ्रिजवर हात फिरवला. टाचा उंचावून बघितलं. पावाचं पुडकं उचललं, कॅलेंडर उचललं, फ्रिज थोडा पुढे ओढला.

"वसू, तू उचललास?"

"नाही."

"आये, इथला कागद बघितलास?"

"बघितला की."

"कुठंय?"

"धाडला."

"धाडला म्हणजे?"

"म्हंजे धाडला. सकाळच्या पारी फिराय गेलते तवा. कोपऱ्यावरच्या लाल डब्यात." आत्यांनी मेथीची पुढची काडी घेतली. "पाकीट चिकटवून, नीट. पत्ता त्या खिडकीतनं दिसला पायजे, तसा घडी घालून."

दिगंबर टेबलाची कड धरून खाली बसला. मी काही बोलणार, इतक्यात फोनमधून एक उबदार, थोडा बसका आवाज आला.

"हॅलो, जोआन बोलतेय. फार वेळ थांबावं लागलं तुम्हाला, सॉरी हं, डक. हा कॉल रेकॉर्ड होतो. नाव आणि जन्मतारीख सांगता?"

आत्या माझ्याकडे झुकल्या. "बदक म्हनली का तुला? हितल्या शेजारणीकडनं शिकलेय मी त्यो शबूद."

"इकडे लाडानं म्हणतात," मी फोनवर हात ठेवून कुजबुजले आणि मग नाव सांगितलं, तारीख सांगितली, पिनकोड सांगितला. माझा एक कान जोआनकडे होता. दुसऱ्या कानात मायलेकांची लढाई चालू होती.

"आये, कोरा कागद कशाला धाडलास?"

"कोरा कशाला? मला येतंय तेवढं लिव्हलं."

"तुला काय येतंय?"

"सही! साक्षरतेच्या वर्गात काय भजी तळत व्हते का मी? चौकटीत लिव्हली, खालच्या रेघंवर बी लिव्हली. गजराबाई..." त्या अडखळल्या. "मधलं नाव लिव्हलंय. बोलत न्हाई. फडतरे."

जन्मभर उखाण्याखेरीज नवऱ्याचं नाव त्यांच्या ओठांवर आलं नव्हतं. सहीत मात्र ज्ञानू होता. तो आता इंग्लंडच्या टपालात, लाल गाडीतून निघाला होता.

"मागच्या पाच वर्षांत कुठल्या चालकावर पॉइंट?" जोआननं विचारलं.

"माझ्यावर तीन. लाल दिवा."

"हो, ते आहेत आमच्याकडे. त्यानंतर काही नवं? एखादं पत्र आलंय, निकाल लागायचाय, असं काही?"

दिगंबरनं स्वतःच्या छातीवर बोट आपटलं. मी. मी. माझं नाव सांग. त्याच वेळी आत्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या बोटांना मेथीचा ओला वास होता.

"माझं नाव सांग तिला. चौकटीत माझंच हाय."



"एक मिनिट देता का मला?" मी जोआनला विचारलं.

"सावकाश होऊ दे. मी इथंच आहे."

दिगंबरनं आईसमोर हात जोडले. ओरडता येत नव्हतं, म्हणून तो हातांनी ओरडत होता. "आये, अगं तुझ्याकडं लायसन्स नाही! तुझं नाव लिहिलंस म्हणजे काय झालं, कळतंय का? बिनलायसन्सची बाई गाडी चालवत होती आणि हिनं तिच्या हातात गाडी दिली, असं झालं. हिच्यावर तीनाच्या जागी आणखी वाढतील. विमा रद्द होईल. तुझा व्हिसा..."

"मला काय गाडी चालवायचीय का जन्मात?" आत्या म्हणाल्या. "कालच्याला तूच म्हनलास, माझं लायसन कोरं हाय, मी घेतो. अरं, माझ्याइतकं कोरं कुनाचं हाय? घ्या की माझ्यावर. पडून ऱ्हाईल."

"ते असं घेता येत नाही गं."

"का येत न्हाई? तुला कांजण्या झाल्या तवा म्या घेतल्या न्हाईत? तुझ्या भनीला, अक्कीला, दिष्ट लागली तवा घेतली न्हाई?" त्यांनी मेथी बाजूला सारली. दोन्ही तळवे माझ्या गालांवरून कपाळाकडे फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर टेकवून बोटं मोडली. कडाकड. स्वयंपाकघरात बारीक काटक्या मोडल्यासारखा आवाज झाला. "आपल्यात एवढ्यानं भागतं. हितं सगळ्याला कागुद लागतो, म्हनून कागदावर घेतली."

   फोनमध्ये जोआनच्या मागे कुणीतरी कळफलक बडवत होतं, तेवढं ऐकू येत होतं.

"आन् चूक बी माझीच व्हती," आत्या हळूच म्हणाल्या. "ती सांगत न्हाई तुला. पंधरा दिस झालं, सांगत न्हाई. तिचं ध्यान माझ्यामुळं गेलं."

"आत्या, राहू द्या."

"मी गात व्हते, दिगू."

दिगंबर आईकडे वळला. मग त्यानं विचारलं, "तू?" आणि तो एक शब्द मध्येच फुटला.

पंधरा दिवस मी ते धरून ठेवलं होतं. सांगितलं असतं, तर पॉइंट कशामुळे पडले ते आत्यांना कळलं असतं. त्यांना कळलं असतं तर तो गळा पुन्हा मिटला असता. मला कुठं ठाऊक, की त्यांना पहिल्या दिवसापासूनच कळलं होतं.

त्या रविवारी मी त्यांना मेंढरं दाखवायला नेलं होतं. माणसं नाहीत तर नाहीत, मेंढरं तरी बघू, म्हणून. त्या दगडी कुंपणाला टेकून तासभर बघत राहिल्या. "धनगर कुठंय?" एवढंच विचारलं. धनगर नसतो म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं. परत निघालो तेव्हा चढ होता, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी धपापत होती.

"जात्यावानी घरघरतीया गं," त्या म्हणाल्या.

आणि मग, आधी इतकं हळू की मला वाटलं इंजिनच काही बोलतंय:

*परमुलखी आले बाई, वाट काळी डांबराची*
*सून माझी गाडी हाकी, लेक जणू अंबराची*

मी मान वळवली नाही. पाखरू खिडकीत येऊन बसलं की आपण श्वास धरतो, तशी बसले. त्यांचा हात मांडीवर गोल फिरत होता, जात्याचा खुंटा धरल्यासारखा. चढ संपला. उतार लागला आणि घरघर कमी झाली, तसा त्यांचा आवाजही खाली गेला. मला वाटलं, हे जातं थांबता कामा नये. पाय आपोआप दाबला गेला. घरघर वाढली. ओवीही पुढे सरकली.

*पुढं गेली गाडी त्यांची, धूळसुद्धा उडंना*
*मागं ऱ्हायले मी बाई,*

आणि त्या थांबल्या. तीन चरण झाले होते. मी चौथ्याची वाट बघत होते. ओवी चार पायांवर उभी राहते. तीन पायांवर तिला कसं सोडायचं? घरं सुरू झाली, पाटी गेली, काही दिसलं नाही मला. मी आत्यांच्या श्वासाकडे कान लावून बसले होते. आता म्हणतील. आता.

मागून लख्ख उजेड पडला.

"वीज चमकली का गं?" आत्यांनी विचारलं. आभाळ स्वच्छ निळं होतं.

"हो, आत्या."

चौथा चरण आला नाही. घरापर्यंत आला नाही, नंतरही आला नाही.

"हॅलो?" जोआन म्हणाली. "आहात ना तुम्ही?"

दिगंबर डोळे पुसत खिडकीकडे वळला होता. आत्या माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत विनवणी होती. आयुष्यभर दुसऱ्यांचं स्वतःवर घेत आलेल्या बाईची ती विनवणी, एवढं एक घेऊ दे म्हणणारी. माझ्या डोळ्यांसमोर टेकडीवरचा तो रस्ता आला. मिसेस हॉलिस आली. एक्क्याण्णव वर्षांची, पायाची जखम भरत आलेली. माझी गाडी वाजली की ती काठीनं पडदा सारायची.

"आहे," मी म्हटलं. "एक पत्र आलंय. तीसच्या जागी चव्वेचाळीस."

"बरं. गाडी कोण चालवत होतं?"

"मी."

दिगंबरचे खांदे खाली गेले.

"तुमच्यावर आधीचे तीन आहेत," जोआन सावकाश म्हणाली. "आणि टेस्ट पास होऊन दोन वर्षं झालेली नाहीत. म्हणजे लायसन्स..."

"ठाऊक आहे मला. पण अजून एक सांगायचंय. रेकॉर्ड होतंय ना? मग बरंच आहे." माझा आवाज कापला नाही, याचं मलाच नवल वाटलं. "पोलिसांकडे जो फॉर्म निघालाय, त्यात चालक म्हणून माझ्या सासूबाईंची सही आहे. त्या एकोणसत्तर वर्षांच्या आहेत. बैलगाडीशिवाय त्यांनी काही चालवलेलं नाही. आमच्याकडे एखाद्याची पीडा आपल्यावर घेता येते, असं त्या मानतात. माझी त्यांना स्वतःवर घ्यायची होती. चौकटीत नाव घातलं की ती आपल्यावर येते, असं त्यांना वाटलं. गाडी त्यांनी चालवलेली नाही. मी चालवत होते."

पलीकडे कळफलक थांबला. 

"माझी आजी अशीच होती," जोआन म्हणाली. "अगदी अशीच." मग तिनं घसा साफ केला. "ऐका. फोन ठेवलात की लगेच पत्रावरच्या नंबरला फोन करा. जसं मला सांगितलंत तसंच सांगा. ते दुसरा फॉर्म पाठवतील. उद्यापासून मुख्य चालक म्हणून तुमच्या मिस्टरांचं नाव घालते मी. आणि तुमच्या नावापुढे, लायसन्स जायची शक्यता, असं लिहिते. मला लिहावंच लागेल, डक."

"लिहा."

"सासूबाई आहेत का तिथं?"

"समोरच आहेत."

"त्यांना सांगा, असं पुन्हा कधी करू नका, कुणासाठीही. आणि सांगा..." ती थांबली. "काही नको. नुसतं हॅलो सांगा."

"काय म्हनती ती?" आत्यांनी विचारलं.

"तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

आत्यांनी फोनला हात जोडले. मग उठल्या, निवडलेली मेथी धुवायला घेतली. पाण्याच्या आवाजात त्यांनी एकदा म्हटलेलं मला ऐकू आलं, "माझ्यामुळं पोरीची गाडी गेली."

गेलीच. सहा आठवड्यांनी लायसन्स रद्द झाल्याचं पत्र आलं. मला पुन्हा चौथ्या मजल्यावर पाठवलं. आत्यांचा फॉर्मही परत आला. वर पिवळी चिठ्ठी होती: अक्षर वाचता येत नाही, कृपया इंग्रजी मोठ्या अक्षरांत भरावे. तो मी नीट घडी घालून ठेवला. नवा फॉर्म मी भरला होता तो वेगळा. पुढं पाच महिन्यांनी मी टेस्ट पास झाले, एकाच प्रयत्नात. टेकडीवर परत गेले तेव्हा मिसेस हॉलिसच्या पडद्यामागे कुणी नव्हतं. आत्या तोवर गावी परतल्या होत्या. चार वर्षांनी त्याही गेल्या. आता त्या चौकटीतली सही माझ्या कपाटात आहे. साक्षरतेच्या वर्गातलं टपोरं अक्षर, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर स्वतंत्र रेघ, आणि मध्ये ज्ञानू.

पण त्या परत जायच्या आधीचा एक रविवार राहिला सांगायचा.

लायसन्स गेल्यावर आत्या पुन्हा मुक्या झाल्या होत्या. दिगंबर गाडीतून फिरवून आणतो म्हणायचा, पण त्या गाडीत पायच टाकेनात. मिसेस हॉलिसचा निरोप घ्यायचा राहिला होता, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी बसनं निघाले आणि आत्यांना म्हटलं, चला, ही मी चालवत नाही, हिचं काही होणार नाही. परतीला बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसलो, काचेशी. भली थोरली बस, आम्ही दोघी आणि मागे एक कुत्रा घेतलेला म्हातारा.

चढाला बस धापा टाकायला लागली. पायाखालची पत्र्याची फळी थरथरत होती. आत्यांनी पदर सावरून घेतला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. उतार आला. तीसची पाटी आली. बस गुरगुरत सावकाश झाली आणि वळणावर तो कॅमेऱ्याचा पिवळा डबा दिसला, खांबावर, आमच्याच उंचीला.

"हाच का गं त्यो?" आत्यांनी विचारलं.

"हाच."

त्यांनी त्याच्याकडे रोखून बघितलं. मग माझ्याकडे. त्यांचा उजवा हात माझ्या हातात होता, चढाला कधी धरला होता ते माझ्या ध्यानात नव्हतं. त्यांचा डावा हात मांडीवर गोल फिरायला लागला.

*पुढं गेली गाडी त्यांची, धूळसुद्धा उडंना*
*मागं ऱ्हायले मी बाई,*

मी श्वास धरला. मागच्या म्हाताऱ्याचं कुत्रं कान टवकारून उभं राहिलं. बस डब्याच्या अगदी पुढ्यात आली, अठ्ठावीसनं, त्याहून जास्त नाही.

*सून हात सोडंना.*

उजेड पडला नाही.